चेहऱ्याचे झटके थांबले, पण मेंदूत रक्तस्राव झाला

यावल तालुक्यातील एका शिक्षकांचे पत्र आले आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्र मोठे आहे. त्यातला आवश्यक भाग असा :

"माझ्या आईचे वय 61 आहे. सहा-सात वर्षांपूर्वी तिची डावी पापणी फडफडायला लागली, तेव्हा बाईचा डावा डोळा लवणे शुभ असते असे म्हणून घरात कोणी मनावर घेतले नाही. पुढे गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जाऊ लागला. बोलताना डोळा मिटायचा, म्हणून तिने लग्नकार्याला जाणे सोडले. दोन वर्षे नाशिकला जाऊन इंजेक्शने घेतली. प्रत्येक वेळी तीन-चार महिन्यांनी झटके परत यायचे. एमआरआयमध्ये नसेला धमनी टेकलेली दिसली आणि मोठ्या शहरातल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर झटके थांबलेले होते. दुसऱ्या रात्री तिचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या आणि हाक मारली तरी ती नीट उठेना. सीटी स्कॅनमध्ये लहान मेंदूत रक्तस्राव निघाला. त्याच रात्री पुन्हा डोके उघडले, पाणी काढण्यासाठी नळी घातली, काही दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. आता अडीच महिने झाले आहेत. ती पाय फाकवून, भिंतीला धरून चालते, डाव्या हाताने पेला धरायला जाते तर हात पुढे निघून जातो, बोलणे जड झाले आहे आणि डाव्या कानाने कमी ऐकू येते. घरी आल्यावर लक्षात आले की जळगावच्या एका डॉक्टरांनी पाच वर्षांपूर्वी दिलेली 'कोलेस्टेरॉलची कॅप्सूल' ती भरती होईपर्यंत घेत होती आणि तिच्यात ॲस्पिरिनही होते. रक्त गोठण्याचे सर्व रिपोर्ट तर नॉर्मल होते. हे माझ्यामुळे झाले का? मामा म्हणतात, इंजेक्शनवर भागत होते तर डोके उघडलेच कशाला, आता केस करा. आई किती सुधारेल? ती कॅप्सूल पुन्हा सुरू करायची का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण ते लिहिण्यामागे एकच प्रश्न आहे आणि तो त्या कॅप्सूलचा आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

रक्तातील प्लेटलेट नावाच्या कणिका एकमेकींना चिकटून जखमेचे तोंड बंद करतात. ॲस्पिरिन त्यांची ही चिकटण्याची शक्ती कमी करते, आणि एकदा कमी झालेली शक्ती त्या कणिकेच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे साधारण सात ते दहा दिवसांत, परत येत नाही. नव्या कणिका रोज तयार होतात, पण शेवटची मात्रा घेतल्यानंतर दोन-तीन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली असेल तर जुन्या कणिकांपैकी बऱ्याच जणी अजून दुबळ्याच असतात. म्हणूनच मेंदूच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी ॲस्पिरिन सहसा आठवडाभर ते दहा दिवस आधी थांबवतात. हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णांचे गणित मात्र वेगळे असते आणि तिथे हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय गोळी कधीही थांबवायची नसते.

रिपोर्ट नॉर्मल असूनही हे कसे झाले, याचे उत्तरही इथेच आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये प्लेटलेटची संख्या मोजतात आणि रक्त गोठायला लागणारा वेळ पाहतात. ॲस्पिरिनने संख्या घटत नाही आणि त्या वेळेतही फरक पडत नाही. बिघडते ते कणिकांचे काम, आणि ते या तपासण्यांत दिसत नाही. ॲस्पिरिन चालू आहे की नाही, हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे रुग्णाच्या औषधांची पाकिटे हातात घेऊन त्यांवरील घटक वाचणे. आपल्याकडे कोलेस्टेरॉलचे औषध आणि ॲस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये घालून सर्रास विकले जाते, काही कॅप्सूलमध्ये तर क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारे तिसरे औषधही असते, आणि घरातली माणसे त्याला साहजिकच कोलेस्टेरॉलची गोळी म्हणतात. आईंच्या औषधांविषयी तुम्ही डॉक्टरांना जे काही सांगितले असेल, ते तुम्हाला ठाऊक होते तितके खरे होते. कॅप्सूलच्या पोटात काय आहे हे ओळखणे भूल देण्यापूर्वी रुग्णाची तपासणी करणाऱ्यांचे काम आहे, शाळेत शिकवणाऱ्या मुलाचे नव्हे.

मग रक्तस्राव त्या कॅप्सूलमुळेच झाला का? तिने शक्यता वाढवली असू शकते, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. ॲस्पिरिन कधीही न घेतलेल्या रुग्णांनाही या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होतो, आणि ॲस्पिरिन घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना होत नाही. तो कसा होतो ते पाहिले म्हणजे एका कॅप्सूलवर सगळा भार टाकणे का चुकीचे आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस जिथे मेंदूच्या खोडातून बाहेर पडते, तिथे एखादी धमनी तिच्यावर सतत ठोके देत राहते, त्यातून नसेतील संदेश भरकटतात आणि आईंना होत होते तसे झटके येतात. शस्त्रक्रियेत कानामागच्या हाडाला लहानसे भोक पाडून, लहान मेंदू किंचित बाजूला सरकवून त्या जागेपर्यंत पोहोचतात आणि धमनी व नस यांच्यामध्ये टेफ्लॉनच्या तंतूंची गादी ठेवतात. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील डॉ. पीटर जॅनेटा यांनी 1960 च्या दशकापासून सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने ही पद्धत रुजवली, आणि त्यांच्या गटाने 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सातशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांनंतरही 84 टक्के रुग्ण झटक्यांपासून पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे मुक्त होते. निकाल चांगला आहे, पण जागा फार अडचणीची आहे. हाडाच्या भोकाच्या अगदी कडेला मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणारी मोठी शीर असते, लहान मेंदूवरून बारीक शिरा आडव्या गेलेल्या असतात, आणि ऐकण्याची नस चेहऱ्याच्या नसेला जवळजवळ चिकटूनच असते.

लहान मेंदू बाजूला सरकवताना त्याला मुका मार लागू शकतो आणि त्या मारलेल्या भागात काही तासांनी रक्त साकळते. वाटेत आडवी येणारी एखादी शीर बंद करावी लागली, तर तिच्या मागच्या भागात रक्त तुंबते, सूज येते आणि मग तिथे रक्त पाझरते. मेंदूभोवतीचे पाणी जास्त वाहून गेले, तर मेंदू थोडा खाली बसतो आणि वरच्या बाजूच्या शिरा ताणल्या जाऊन शस्त्रक्रियेच्या जागेपासून दूर, कधी तर विरुद्ध बाजूलाही, रक्त जमते. या सर्वांच्या जोडीला शुद्धीवर येताना उसळलेला रक्तदाब, खोकल्याची उबळ आणि उलट्यांचे कढ असतात. दिवसभर शांत राहिलेली शीर अशा एखाद्या क्षणी फुटू शकते. आईंना रक्तदाबाचा त्रास आधीपासून होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही, परंतु तो असू शकतो असे मी धरून चालतो. वय, रक्तदाब, ॲस्पिरिन, शिरांची त्या विशिष्ट माणसातील ठेवण आणि शस्त्रक्रियेतला ताण यांपैकी कशाचा वाटा किती, हे नंतर कोणीही तोलून सांगू शकत नाही. अनुभवी केंद्रांमध्ये असा गंभीर रक्तस्राव शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी रुग्णांना होतो. ज्याच्या घरी तो होतो त्याला हा आकडा निरुपयोगी असतो, हे मला माहीत आहे.

माझ्या मते रक्तस्रावाच्या बाबतीत, तो का झाला यापेक्षा तो किती लवकर ओळखला गेला हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कवटीचा मागचा कप्पा फार लहान असतो. लहान मेंदूत थोडेसे रक्त साकळले तरी मेंदूतील पाणी वाहून जाण्याची वाट दबते, पाणी वर तुंबते आणि श्वास व हृदयाचे ठोके चालवणाऱ्या मेंदूच्या खोडावर दाब येतो. डोके दुखणे, उलटी, मग गुंगी आणि मग श्वास बिघडणे हा प्रवास काही वेळा तासाभरातही होतो. शस्त्रक्रियेनंतर डोके दुखणे आणि मळमळ तर बहुतेकांना होते, त्यामुळे साधी डोकेदुखी कोणती आणि धोक्याची कोणती, हे ओळखण्याचा भरवशाचा पुरावा म्हणजे रुग्णाची जाग. नीट बोलणारा रुग्ण सुस्तावू लागला की वेदनाशामक देऊन सकाळची वाट पाहायची नसते, ताबडतोब सीटी स्कॅन करायचा असतो. तुमच्या आईंच्या बाबतीत त्याच रात्री स्कॅन झाला, त्याच रात्री रक्त काढले आणि पाण्याला वाट करून दिली. आज त्या भिंतीला धरून का होईना चालत आहेत, याचे मोठे कारण हे आहे. मामांनी केस करण्याचा विचार करण्यापूर्वी ही बाजूही ऐकून घ्यावी.

मामांचे पहिले म्हणणे मात्र पूर्ण चुकीचे नाही. हा आजार जिवावरचा नसतो. बोटुलिनम टॉक्सिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांनी बहुतेकांचे झटके चांगले दबतात आणि आयुष्यभर इंजेक्शनांवर राहणे हाही एक रास्त मार्ग आहे. परंतु यावलहून नाशिकला वर्षातून तीन-चार वेळा जाण्याचा खर्च, प्रत्येक वेळी शेवटच्या आठवड्यांत परत येणारे झटके, आणि चारचौघांत जाणे सोडलेली बाई, हे पाहता शस्त्रक्रियेचा निर्णयही तितकाच रास्त होता. निर्णयाची पारख तो घेताना हाती असलेल्या माहितीवर करावी. नंतर काय घडले त्यावरून ती केली, तर दरवेळी न पत्करलेला मार्गच शहाणपणाचा दिसतो.

केसविषयी माझे मत असे की आधी कागद मागवावेत. रुग्ण किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने लेखी मागणी केल्यास 72 तासांत उपचारांची कागदपत्रे देणे वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. भरतीच्या वेळची औषधांची यादी, भूलतज्ज्ञांची तपासणी, दोन्ही शस्त्रक्रियांच्या नोंदी, अतिदक्षता विभागातील त्या रात्रीचा तासागणिक तक्ता आणि सर्व सीटी स्कॅनच्या सीडी मागा. मग ते सर्व घेऊन त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या एखाद्या मेंदू शल्यचिकित्सकाला दाखवा. तक्त्यात आई सुस्तावल्याची पहिली नोंद किती वाजता आहे आणि स्कॅन किती वाजता झाला, यांतील अंतर पाहा. औषधांच्या यादीत कॅप्सूलचे नाव लिहिलेले असूनही ती थांबवली नसेल, तर तो निष्काळजीपणाचा गंभीर मुद्दा आहे. यादीत ती आलीच नसेल, तर ती कोणी आणि कशी विचारली हा प्रश्न उरतो. केवळ रक्तस्राव झाला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, कारण तो या शस्त्रक्रियेचा ज्ञात धोका आहे आणि बहुधा संमतिपत्रातही लिहिलेला असेल. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे आज रागात ठरवण्याची गरज नाही. त्याआधी त्या शल्यचिकित्सकांना भेटून कॅप्सूलविषयी सरळ विचारा. प्रांजळ उत्तर मिळाले तर पुष्कळ गोष्टी तिथेच मिटतात. टाळाटाळ झाली तर तेही तुम्हाला कळेल.

आता आईंकडे वळू. लहान मेंदू हालचालींचा मेळ घालतो आणि त्याचा डावा भाग शरीराच्या डाव्याच बाजूवर काम करतो, म्हणून डावा हात पेल्यापुढे निघून जातो. हात लुळा पडलेला नाही, त्याचे माप चुकते आहे. अशा दुखापतीतून माणसे पुष्कळ सुधारतात. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतो आणि त्यानंतरही वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ, ती सावकाश चालू राहते. अडीच महिन्यांतच आधाराने चालणे हे चांगले लक्षण आहे. काही महिन्यांत त्या काठीने किंवा काठीशिवाय घरात फिरू लागतील, अशी आशा धरायला आधार आहे. अंधारात, उंचसखल जागी किंवा घाईत तोल जाण्याची खोड मात्र राहू शकते. कानाचे वेगळे आहे. ऐकण्याच्या नसेला बसलेला मार बऱ्याचदा भरून येत नाही, त्यामुळे आताच ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

व्यायामात सातत्य हवे. महिन्यातून एकदा शहरात जाऊन घेतलेल्या फिजिओथेरपीपेक्षा घरी रोज दोन-तीनदा केलेले अर्ध्या तासाचे काम अधिक उपयोगी पडते. जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा, फिजिओथेरपिस्टकडून तोलाचे आणि हाताच्या नेमाचे व्यायाम नीट शिकून घ्या, मोबाइलवर चित्रित करून ठेवा आणि घरी करून घ्या. व्यायामाच्या वेळी कोणीतरी त्यांच्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर उभे राहावे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, रात्री ओट्यावर आणि मोरीजवळ दिवा राहू द्या, अंगणातली बाज वाटेतून हलवा. चुलीपुढे किंवा उकळत्या तेलापुढे त्यांनी सध्या बसू नये. भाजी निवडणे, कणिक मळणे, शेंगा सोलणे ही कामे मात्र जरूर द्या, कारण डाव्या हातासाठी त्याहून चांगला व्यायाम नाही. पाणी पिताना ठसका लागतो का, याकडे बारीक लक्ष ठेवा. लागत असेल तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो आणि गिळण्याची तपासणी लगेच करून घ्यावी लागते.

धोका अजून पूर्ण टळलेला नाही. मेंदूतील पाणी तुंबण्याचा त्रास काही रुग्णांना आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा होतो, आणि तो हळूहळू येतो : सुधारत असलेली चाल पुन्हा बिघडते, माणूस मंदावतो, लघवी आवरत नाही. असे दिसले तर 'अशक्तपणा असेल' म्हणून सलाईन लावून घेत बसू नका, सीटी स्कॅन करा. नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखा पातळ स्राव येणे, ताप येऊन मान ताठरणे, नव्याने उलट्या आणि गुंगी, यांपैकी काहीही झाले तरी त्याच दिवशी, गुंगी असेल तर त्याच तासाला, 108 ची रुग्णवाहिका बोलावून सीटी स्कॅन आणि मेंदू शल्यचिकित्सक दोन्ही असलेल्या ठिकाणी न्या. ते ठिकाण कोणते, हे आजच विचारून फोन क्रमांकासह भिंतीवर लिहून ठेवा.

रक्तदाब रोज सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहा. तो किती असावा हे तुमचे डॉक्टर ठरवतील. रक्तस्राव होऊन गेलेल्या रुग्णात तो सहसा 130/80 च्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. आपल्या खान्देशात जेवणात मीठ किती जाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही, म्हणून सांगतो की बिबड्या, उडदाचे पापड, लोणचे आणि शेवभाजीतली शेव यांतच दिवसाचे मीठ सहज पूर्ण होते. दुसरी बाब उन्हाळ्याची. पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा अंगातले पाणी कमी होऊन रक्तदाबाच्या नेहमीच्याच गोळ्यांनी तो फार खाली येतो, उठताना चक्कर येते, आणि तोल आधीच गेलेला माणूस पडतो. पाणी भरपूर द्या, आणि चक्कर येत असेल तर गोळीची मात्रा स्वतः न बदलता वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

राहिला कॅप्सूल पुन्हा सुरू करण्याचा प्रश्न. आईंना पूर्वी हृदयविकाराचा झटका आला होता का, स्टेंट आहे का, रक्ताची गुठळी अडकून अर्धांगवायू झाला होता का, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे. यांपैकी काही असेल, तर ॲस्पिरिन केव्हा सुरू करायचे हे मेंदू शल्यचिकित्सक आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून, ताजा सीटी स्कॅन पाहून ठरवावे लागेल. यांपैकी काहीच नसेल आणि केवळ वय व कोलेस्टेरॉल पाहून ती सुरू केली असेल, तर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांनंतर निरोगी हृदयाच्या वयस्क माणसाला ॲस्पिरिन देण्याकडे वैद्यकाचा कल बराच कमी झालेला आहे, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या तुमच्या आईंच्या बाबतीत ते पुन्हा न देण्याकडेच माझे मत झुकते. जळगावच्या ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली त्यांना रिकामे पाकीट आणि डिस्चार्ज कार्ड दोन्ही दाखवा, पाच वर्षांपूर्वी ती कशासाठी दिली होती हे विचारा, आणि कोलेस्टेरॉलचे औषध आवश्यक असेल तर ते ॲस्पिरिनविना, वेगळ्या गोळीच्या रूपात लिहून घ्या. तोवर ती कॅप्सूल सुरू करू नका, आणि गुडघेदुखी किंवा डोकेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नका, कारण त्यांपैकी बऱ्याच गोळ्या प्लेटलेटवर ॲस्पिरिनसारखाच परिणाम करतात. तेवढ्यापुरती पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, चालेल.